स्नोचा नांगर

ठाण्यात बर्फ पडत नाही. नौपाड्यातल्या त्र्यंबक पोंक्ष्यांना हे कुणी सांगायला नको होतं. पंचावन्न वर्षं ते ठाण्यातच राहत होते आणि एवढ्या काळात त्यांनी पाहिलेला सर्वांत मोठा बर्फ लाकडाच्या भुशात गुंडाळून सरबतवाल्याकडे आलेला होता. तरीसुद्धा एकोणीसशे पन्नास सालच्या दिवाळीनंतर, कल्याण कॅम्पातल्या लष्करी सामानाच्या लिलावात, रस्त्यावरचा बर्फ ढकलायचं यंत्र विकत घ्यावं असा सल्ला त्यांनीच दिला. आणि तोही पूर्ण शुद्धीवर असताना.

सल्ला घेणारा माणूस माजिवड्याचा भिवा भोईर. खाडीच्या काठाला भिवाचं मिठागर होतं, आजाच्या वेळेपासूनचं. भिवा बोलायला फार जपून. दिवसाचे दहा शब्द खर्च झाले की अकराव्यासाठी तो माणसाला दुसऱ्या दिवशी यायला लावी. राहिलेलं सगळं त्याची बायको सगुणा बोलत असे. वीस वर्षं दर उन्हाळ्यात पोंक्ष्यांच्या घरी वर्षाचं मीठ तीच आणून टाकायची आणि मग त्र्यंबकरावांच्या पत्नीशी, सुमतीबाईंशी, ओटीवर तासभर गप्पा मारायची. दोघींना एकमेकींवाचून करमत नसे. पण तसं विचारलं असतं तर एकीनं 'मीठ द्यायला आले' म्हटलं असतं आणि दुसरीनं 'मीठ घ्यायला बसले.'

मागल्या चैत्रात डोक्यावर मिठाची पाटी घेऊन जाताना सगुणा बांधावरून घसरली. पाटी तिनं सावरली, गुडघा सावरला नाही. तो जो सुजला तो पुन्हा नीट वाकेचना. डॉक्टर म्हणाले, "बाई, यापुढे डोक्यावर ओझं घ्यायचं नाही."

"मंग डोकं कनाला हाय?" सगुणानं विचारलं.

डॉक्टरांनी चोळायला मलम दिलं.

मिठागरात कामं वाटलेली असतात. वाफ्यातलं मीठ पुरुष लाकडी फावड्यानं ओढून बांधावर आणतात आणि त्याचे लहान लहान ढीग करतात. तिथून धक्क्यापर्यंत, म्हणजे जिथं मीठ वाहणाऱ्या होड्या, मचवे, लागतात तिथपर्यंत, ते नेतात बायका. पाटीत घालून, डोक्यावरून, दिवसाला शंभर खेपा. बैलगाडी वापरली तर ती भरायला पाट्याच आणि रिकामी करायलाही पाट्याच. मध्ये फक्त बैलांची करमणूक. दुसऱ्या बाया लावायचा विषय भिवानं एकदाच काढला.

"माझं मीठ दुसरीच्या डोक्यावरशी जायचं आन् मी बांधावर बसून बगायचं?" सगुणा म्हणाली. "त्यापरीस मी घरीच बसंन. मिठागर देऊन टाक कुनाला तरी."

लग्न होऊन आल्यापासून त्या वाफ्यांची जमीन तिनं स्वतःच्या पायांनी तुडवून तुडवून घट्ट केलेली होती. सगुणा घरी बसली असती तर काय झालं असतं हे भिवाला दिसत होतं. तो दुसऱ्या दिवशी चालत नौपाड्याला आला, पोंक्ष्यांच्या ओटीवर बसला आणि एका बैठकीत आठ शब्द बोलला.

"तात्या, डोक्याबिगर मीठ नेल असं यंत्र हाय का?"

त्र्यंबकरावांना सगळे तात्या म्हणत. तात्या एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये बत्तीस वर्षं क्लार्क होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. यंत्राचा कुठला भाग कुठून मागवायचा, त्याचा नंबर काय, त्यासाठी इंग्रजीत पत्र कसं लिहायचं, यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांनी आयुष्यात हजारो नट आणि बोल्ट मागवले. पिळला मात्र एकही नव्हता. तरी यंत्राविषयी कुणी सल्ला विचारावा याची ते निवृत्त झाल्यापासून वाट बघत होते, आणि विचारलं भिवानं.

कल्याण कॅम्पात लढाईतलं उरलंसुरलं सामान विकायला निघालं होतं. तंबू, घमेली, जीपचे सांगाडे, आणि या सगळ्यात एका कोपऱ्यात एक बुटका ट्रॅक्टर. उंचीला गाढवाएवढा, आवाजाला दहा गाढवांएवढा. त्याच्यापुढे तीन हात रुंद असं लोखंडी पातं लावलेलं, ढालीसारखं आतल्या बाजूला वाकलेलं. कुठल्या तरी थंड मुलखात बागेतल्या वाटा साफ करायला तो बनवला होता. लढाईच्या धामधुमीत तो कल्याणला कसा उतरला हे विचारायची सोय नव्हती, कारण विचारायचं कुणाला हेच तिथं कुणाला माहीत नव्हतं. पात्यावर पितळी पट्टी होती. तात्यांनी ती रुमालानं पुसली आणि वाचली: स्नो प्लाऊ.

"प्लाऊचं स्पेलिंग चुकलंय," तात्या म्हणाले. नांगराचं इंग्रजी स्पेलिंग त्यांना शाळेत छडीबरोबर मिळालेलं होतं. अमेरिकेत ते वेगळं लिहितात हे त्या छडीला ठाऊक नव्हतं. "पण यंत्र चांगलं दिसतंय. बर्फ ढकलायचं आहे हे."

"आपल्याकडं बर्फ नाय," भिवा म्हणाला.

"अरे, बर्फ काय आणि मीठ काय! पांढरं आहे, जमिनीवर पडलेलं आहे, ढकलून पुढं न्यायचं आहे. यंत्राला चव थोडीच घ्यायचीय?"

एवढ्या वर्षांत तात्यांनी यंत्राबद्दल काढलेला हा पहिलाच स्वतंत्र विचार, आणि तो अगदी बरोबर होता. पुढं जे झालं ते लक्षात घेता ही गोष्ट त्यांच्या नावावर आधीच जमा करून ठेवलेली बरी.

यंत्र माजिवड्याला आलं. 'स्नो' या शब्दानं मात्र थोडा घोटाळा केला. ठाण्यात तेव्हा स्नो म्हणजे पावडरीच्या आधी तोंडाला लावायचा तो, काचेच्या बरणीतला. सुमतीबाईंनीही आधी तेच विचारलं, "अहो, एवढं मोठं यंत्र? कुणाच्या तोंडासाठी?" माजिवड्यात तर यंत्राचं नाव 'स्नोचा नांगर' पडलं ते पडलंच. सगुणानं त्याच्याभोवती लंगडत एक चक्कर मारली आणि म्हणाली, "गोरं होईल वो मीठ!"

मग तिनं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली भिवाला: चाक बांधावरच फिरेल, वाफ्यात घातलंस तर तुलाच वाफ्यात पुरीन. दुसरी तात्यांना.

"माघी पुनवेच्या उधानाला मचवं येनार. त्याच्या आत हा चालला तर ठीक. नायतर माझी पाटी खाली काढते."

"सगुणा," तात्या म्हणाले, "यंदा तुझ्या डोक्यावर पाटी चढणार नाही. माझा शब्द."

घरी आल्यावर सुमतीबाईंनी विचारलं, "शब्द देताना यंत्र चालवून बघितलंत का?"

"शब्द देताना यंत्र चालवायचं नसतं," तात्या म्हणाले. पण त्या रात्री कूस बदलताना त्यांना हे उत्तर फारसं पटलं नाही.

यंत्राबरोबर एक छोटं पुस्तक आलं होतं. तात्यांनी ते तीनदा वाचलं, महत्त्वाच्या ओळींखाली तांबड्या पेन्सिलीनं रेघा मारल्या आणि माघाचा आठवडा उलटताच छत्री घेऊन मिठागरावर हजर झाले. दुपारची वेळ. बांधावर बाभळीच्या काट्यासारखं टोचणारं ऊन, आणि दोन्ही बाजूंना वाफे असे पांढरे की बघवत नव्हतं. भिवानं हँडल मारलं. पहिल्या तीन वेळा यंत्रानं ते उलटं फिरवून भिवालाच मारलं. चौथ्या वेळी ते सुरू झालं, धक्क्यावरचे बगळे उडाले आणि पातं मिठाच्या ढिगाला भिडलं. ढीग हलला! पाच पाट्यांचं मीठ एका दमात सरकत सरकत धक्क्याकडं निघालं. तात्यांनी छत्री उंचावली.

मग मीठ तांबडं झालं.

बांधावर मुरूम घातलेला होता, गाडी जाईल असा. पातं मिठाबरोबर मुरूमही खरवडत चाललं होतं. धक्क्याला पोचेपर्यंत ढिगाचा रंग विटेसारखा झाला. सगुणानं एक मूठ उचलली, तळहातावर पसरली आणि तात्यांसमोर धरली.

"मचव्याचा तांडेल हे खाडीत वतील आन् वरशी मनाबी वतील."

तात्यांनी पुस्तक उघडलं. बाराव्या पानावर, ठळक अक्षरांत, चौकट घालून, एक सूचना होती. त्यांनी ती मोठ्यानं वाचली: "वोर्न शूज मस्ट बी रिप्लेस्ड बिफोर युजिंग द मशीन."

"म्हंजी?" भिवानं विचारलं.

आता वोर्न म्हणजे घातलेले. शूज म्हणजे जोडे. आणि रिप्लेस म्हणजे परत जागेवर ठेवणं. बत्तीस वर्षं तात्यांचे साहेब त्यांना 'रिप्लेस द फाईल' म्हणत आले होते आणि तात्या फाईल कपाटात परत ठेवत आले होते. तेव्हा अर्थ उघड होता.

"घातलेले जोडे यंत्र चालवण्यापूर्वी काढून जागेवर ठेवावेत," तात्या म्हणाले.

कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. दसऱ्याला भिवा फावड्याची पूजा करी तेव्हा आल्यागेल्यांच्या चपला बाहेरच असत. देवापुढं, धान्यापुढं, मिठाच्या राशीपुढं जोडे घालून जायचं नसतं हे माजिवड्यात लहान पोरालाही सांगावं लागत नाही. एवढंच वाटलं, की अमेरिकेतसुद्धा माणसं रीतीभाती पाळतात. "चांगली दिसतात वो मानसं," सगुणा म्हणाली.

फक्त एक अडचण होती. भिवाच्या पायात जोडे नव्हते. जन्मात कधी नव्हते. सगुणाच्याही नव्हते. सगळ्यांच्या नजरा हळूहळू खाली उतरत गेल्या आणि तात्यांच्या पंपशूंवर येऊन थांबल्या.

तात्यांनी पंपशू काढले, बांधाच्या कडेला नीट जोडून ठेवले आणि मुरमावर उभे राहिले. भिवानं पुन्हा यंत्र चालवलं. मीठ तांबडंच निघालं.

"कदाचित आधीच्या फेरीचा परिणाम असेल," तात्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जोडे धक्क्यापाशी काढले, तरी मीठ तांबडं. तिसऱ्या दिवशी माजिवड्याच्या वेशीवरच काढले आणि तिथून अनवाणी चालत आले. भिवाच्या मेव्हण्याला वहाणा घालून बांधावर आला म्हणून परत पाठवलं. गावात शिस्त अशी आली की देवळात नव्हती. मीठ तांबडं. आणि खारट मुरमाचा एकेक खडा तात्यांच्या तळपायांत स्वतःचं घर बांधत चाललेला. पाय फुटले, फोड आले, फोडांत मीठ गेलं. मिठागरात पाय घालणं म्हणजे काय असतं हे वीस वर्षं मीठ विकत घेऊन त्यांना कळलं नव्हतं. ते तीन दिवसांत कळलं. सगुणानं हे तीस वर्षं केलं, आणि ओटीवर बसून गप्पाही मारल्या, हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी पुढचं पाऊल टाकताना तोंडातून आवाज काढला नाही.

घरी सुमतीबाईंनी त्यांचे पाय परातीत गरम पाण्यात बुडवले.

"पुनव कधी?" त्यांनी विचारलं.

"चार दिवसांवर."

"आणि सगुणा?"

तात्या परातीकडं बघत राहिले. "आज तिनं आढ्याची पाटी खाली काढली. म्हणाली, फक्त धूळ झटकते. मग लुगड्याची चिंधी घेऊन चुंबळ वळत बसली."

चुंबळ म्हणजे पाटीखाली डोक्यावर ठेवायची कापडाची गोल वळी. धूळ झटकायला ती लागत नाही हे सुमतीबाईंना कळत होतं. त्यांनी तेलाची वाटी खाली ठेवली.

"उद्या मीही येते," त्या म्हणाल्या. "टांग्यानं. आणि तुम्ही जोडे घालून यायचं. अमेरिकेला काय वाटायचं ते वाटू दे."

दुसऱ्या दिवशी तात्या टांग्यातून उतरले ते पंपशू हातात घेऊनच, कारण पाय सुजून आत जाईनात. बांधावर लंगडत आले. समोरून सगुणा लंगडत आली. दोघं एकमेकांकडं बघून थांबले.

"बसा," सगुणा म्हणाली. "पाय बगू."

"अगं, काही नाही..."

"बसा वो!"

तात्या मिठाच्या ढिगावर बसले. सगुणानं त्यांचा तळपाय उलटा करून पाहिला, बाजारात मासा बघतात तसा. सुमतीबाई पलीकडं बघत होत्या, म्हणजे हसत होत्या.

"जोडा काढला आन् तुमचं पाय सोललं," सगुणा म्हणाली. मग तिनं मान वळवून यंत्राकडं पाहिलं. "तात्या, तो पन सोलतोय. बांध सोलतोय न्हवं? त्याचा जोडा कुनी काढला?"

"यंत्राला कुठला जोडा?" तात्या म्हणाले.

गुडघा वाकत नसल्यामुळं सगुणा सरळ बांधावर आडवी झाली, कुशीवर वळली आणि पात्याखाली डोकं घातलं. तिचे पाय तेवढे बाहेर होते. काही वेळ खालून फक्त लोखंडावर बोट वाजवल्याचा आवाज आला.

"हाय!" आवाज आला. "दोन व्हते. बशीवानी. पार झिजलेत, भोकं पडलीत. पातं त्यांच्यावर टेकायचं, ते आथां जमिनीलाच टेकतंय."

सुमतीबाईंनी तात्यांच्या खिशातून पुस्तक काढून घेतलं. इंग्रजी चौथीपर्यंत त्यांचं शिक्षण झालेलं. पण त्यांनी तात्यांसारखं आधी अक्षरांकडं बघितलं नाही, चित्राकडं बघितलं. चौदाव्या पानावर पात्याचं चित्र होतं. पात्याच्या तळाशी दोन बशा होत्या. एका बशीला बाण लावलेला होता आणि बाणाच्या शेपटीला एक शब्द.

"एस, एच, ओ, ई," सुमतीबाईंनी एकेक अक्षर वाचलं. "शू."

खाडीवरून वारा आला आणि पुस्तकाचं पान उलटून बाराव्यावर गेलं. तात्यांच्या डोक्यात ते वाक्य हळूहळू उलगडलं. वोर्न म्हणजे घातलेले. पण वोर्न म्हणजे झिजलेलेसुद्धा. रिप्लेस म्हणजे जागेवर ठेवणं. पण रिप्लेस म्हणजे बदलून नवे घालणंसुद्धा. झिजलेले जोडे बदला. एवढंच म्हणत होता बिचारा अमेरिकन. पात्याला जमिनीपासून बोटभर वर धरणारे जोडे. ते झिजले की पातं माती खातं.

'छपाईची चूक आहे' असं म्हणायचं तात्यांच्या अगदी ओठांवर आलं. बत्तीस वर्षांत हे वाक्य त्यांना अनेकदा उपयोगी पडलं होतं. पण सगुणा अजून बांधावर आडवी होती, आणि उठण्यासाठी हात टेकत होती, आणि तिचा गुडघा तिला उठू देत नव्हता.

"सगुणा," तात्या म्हणाले, "मी चुकीचं वाचलं. तीन दिवस माझ्यामुळं फुकट गेले."

सुमतीबाईंनी तिला हात दिला. सगुणा उठून बसली. केसांत मीठ, गालाला ग्रीस.

"वाचता तरी येतंय तुमाला," ती म्हणाली. "ह्याला तर बोलताबी येत नाय." आणि तिनं भिवाकडं बघितलं. भिवानं मान डोलावली. ही टीका त्याला मान्य असावी.

अमेरिकेहून जोडे मागवायचे तर पत्र कसं लिहायचं हे तात्यांना तोंडपाठ होतं. ते पत्र पोचेपर्यंत पुनव होऊन गेली असती, आणि उत्तर येईपर्यंत बहुतेक पुढची माघी. लोहाराकडं जावं तर माजिवड्याचा लोहार लग्नाला मोहने गावी गेलेला. तात्या टांग्यात बसून विचार करत ठाण्याला निघाले. समोर घोड्याचे पाय टपटप पडत होते. एका वळणावर तात्यांनी ओरडून टांगा थांबवला.

"याला नाल कोण ठोकतं?"

"गोविंदा नालबंद," टांगेवाला म्हणाला. "स्टेशनाशी. का वो? लंगडतोय का?"

गोविंदा नालबंद टांग्यांच्या अड्ड्यामागं बसायचा. ठाण्यातल्या एकूण एक घोड्याचे खूर त्याच्या ओळखीचे होते. माणसांकडं त्याचं तितकं लक्ष नसे.

"जोडे करायचेत," तात्या म्हणाले.

"किती पायांना?"

"दोन."

गोविंदानं मान वर केली. "दोनच? जनावर कंचं?"

"जनावर नाही. यंत्र आहे."

गोविंदानं जरा विचार केला. "लाथ मारतं?"

"सुरू करताना मारतं," तात्या म्हणाले, "हँडलानं."

"मग यायला पायजे," गोविंदा म्हणाला आणि हातोडी पिशवीत टाकली. लाथ न मारणाऱ्यांत त्याला रस नव्हता.

संध्याकाळी भिवाच्या अंगणात भाता लागला. गोविंदानं यंत्राला आधी चारी बाजूंनी थोपटलं, सवयीनं. मग पात्याखाली जाऊन जुने जोडे बघितले. मधोमध झिजून त्यांना भोकं पडली होती आणि कडा सुरीसारख्या झाल्या होत्या. त्यांचे बोल्ट खाऱ्या हवेनं असे गंजले होते की लोखंड कुठं संपतं आणि गंज कुठं सुरू होतो ते कळेना. गोविंदानं घासलेटात चिंधी भिजवून त्यांना रात्रभर गुंडाळून ठेवलं. सकाळी तीन सुटले. चौथा छिनीनं तोडावा लागला, आणि तो तोडताना गोविंदा त्याच्याशी जे बोलला ते घोड्यांना कळतं.

पात्याची खालची पट्टीही वेगळी निघाली. तिची एक धार झिजून वेडीवाकडी झाली होती. तात्यांनी पुस्तक उघडलं, चष्मा पुसला, आणि या वेळी आधी चित्र बघितलं.

"ही पट्टी उलटी लावता येते," ते म्हणाले. मग त्यांनी ओळ वाचली. मग पुन्हा चित्र बघितलं. मग पुन्हा ओळ. "दोन्हीकडं सारखीच भोकं आहेत. वरची धार खाली घ्यायची. अजून कोरी आहे." मग जरा थांबून, "सुमती, तू पण एकदा बघ."

सुमतीबाईंनी बघितलं. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि बत्तीस वर्षांत कुठल्याही साहेबाच्या शाबासकीनं झालं नव्हतं ते तात्यांना त्या दोन शब्दांनी झालं. त्यांनी पाना मागून घेतला. भिवा पट्टी धरून बसला आणि तात्यांनी जन्मातला पहिला बोल्ट पिळला. ते तो उलट्या बाजूनं पिळत होते हे गोविंदानं हळूच सांगितलं.

नव्या जोड्यांना लोखंड मिळालं ते भिवाच्या मोडक्या गाडीच्या चाकाचं. बैलगाडीच्या चाकावर जी लोखंडी धाव असते ती, करंगळीएवढी जाड आणि वीस वर्षं दगडधोंडे खाऊन पक्की झालेली. गोविंदानं तिचे दोन तुकडे तोडले, लाल केले आणि पुढचं टोक वर वळवलं, म्हणजे ते मुरमात घुसणार नाही, वरून घसरत जाईल. घोड्याच्या पुढच्या पायाला करतात तसंच, तो म्हणाला. मग भोकं पाडली.

प्रश्न उरला तो उंचीचा. पातं जमिनीपासून किती वर? पुस्तकात इंचाचे भाग दिले होते. गोविंदाला घोड्याच्या खुराचं माप माहीत होतं. भिवाचे त्या दिवशीचे शब्द संपले होते. सगुणा इतका वेळ ओट्यावर बसून होती, मांडीवर ती अर्धी वळलेली चुंबळ. ती उठून आली आणि पुन्हा आडवी झाली.

"माझी करंगली जाईल एवढं," तिनं खालून सांगितलं आणि करंगळी घातली. "नाय जात. वर घ्या."

वर घ्यायला बोल्टात चकत्या घालायला हव्यात. चकत्या नव्हत्या. सुमतीबाईंनी कमरेचा बटवा सोडला आणि त्यातून भोकाचे पैसे काढले, राणीछापाच्या नंतर लढाईत निघालेले, मधोमध गोल भोक असलेले. बोल्ट त्यातून बरोबर गेला. डावीकडं दर बोल्टाला तीन घातले, उजवीकडंही तीन.

"डावीकडं जाते. उजवीकडं अडकते," खालून आवाज.

उजवीकडं चौथा घातला.

"आथां जाते," सगुणा म्हणाली. मग बराच वेळ ती बाहेरच आली नाही. बाहेर आली तेव्हा तिनं चुंबळ उलगडून, ती चिंधी बोल्टांना तेल लावायला गोविंदाच्या हातात दिली. तात्यांनी ते पाहिलं आणि मुद्दाम चष्मा पुसायला काढला.

पुनवेच्या सकाळी पाणी चढायला लागलं. धक्क्याला तीन मचवे लागले. भिवानं यंत्र बांधावर घेतलं, पहिल्या ढिगाला पातं लावलं. जोडे मुरमावरून खसखस आवाज करत घसरले, मीठ पुढं गोळा होत गेलं, खाली पातळसा थर बांधावर तसाच राहिला. धक्क्यावर पोचलेला ढीग पांढरा होता. तांडेलानं मूठभर मीठ घेतलं, जिभेवर ठेवलं, आणि खलाशांना हात केला. भरा.

पण काम धिमं चाललं. बांध सगळीकडं सारखा नव्हता. जिथं खळगा तिथं भिवाचं मीठ पात्याच्या बाजूनं निसटून वाफ्यात जाई. जिथं उंचवटा तिथं यंत्र अडून बसे. दोन मचवे भरता भरता सूर्य डोक्यावर आला. सगुणा काठावरून ओरडत होती.

"डावीकडं घे! अरं डावीकडं! तिथं खड्डा हाय, मीच पडले व्हते न्हवं तिथं! आथां सरल... आथां थांब... ए, थांब!"

भिवा थांबला. पाणी आता चढायचं थांबलं होतं. तिसरा मचवा रिकामा उभा होता आणि ओहोटी लागली की तो गाळात बसणार होता.

"उतर," सगुणा म्हणाली.

"तुजा गुडघा..."

"गुडघ्यानं कुटं चालवायचंय? सगलं हातानंच तर करतोस."

हे खरं होतं. ट्रॅक्टरचा क्लच, गियर, सगळं दांड्यांनी हलायचं. पायाला काही कामच नव्हतं. भिवानं तात्यांकडं पाहिलं. तात्यांनी पुस्तक छत्रीखाली घेतलं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळलं आणि बंद केलं.

"बाईमाणसानं चालवू नये असं कुठं लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "चित्रातही नाही."

भिवा उतरला. त्यानं सगुणाला कमरेला धरून उचललं आणि बैठकीवर ठेवलं. गावासमोर, तांडेलासमोर, तीन मचव्यांच्या खलाशांसमोर. तिनं आखडलेला पाय सरळ पुढं सोडला. बसायला तो पाय तसाच बरा होता. मग तिनं दांडा पुढं ढकलला.

या बांधाचा एकेक खळगा तिच्या पायाखालून तीस वर्षं गेलेला होता. कुठं वळायचं, कुठं दमानं घ्यायचं, कुठं थोडं मीठ मागं सोडून पुढं जायचं, हे तिला बघावं लागत नव्हतं. ढीग भराभर धक्क्याकडं सरकायला लागले. तात्या आणि सुमतीबाई एका छत्रीत उभे राहून बघत होते. सुमतीबाईंच्या पदराला मीठ लागलं होतं, तात्यांच्या पायांना काल विकत घेतलेल्या चपला आवळत होत्या, आणि दोघांपैकी कुणालाच तिथून हलायचं नव्हतं.

ओहोटीचं पाणी दिसायला लागलं तेव्हा तिसरा मचवा धक्क्यापासून सुटला, पाण्यात खोल बसलेला, वरपर्यंत पांढरा.

भिवा यंत्रापाशी आला. कपाळाचा घाम पुसला.

"झालं," तो म्हणाला. "खाली उतर."

"कनाला?" सगुणानं विचारलं. पलीकडच्या बांधावर अजून ढीग दिसत होते.

भिवानं विचार केला. मग तो यंत्राच्या पुढं चालू लागला आणि वाटेतले दगड उचलून बाजूला टाकत राहिला.